काय खातेस, हे सगळ्यांनी विचारलं

रक्तदान शिबिराला मी गेले होते ती चहा-बिस्किटांचं टेबल सांभाळायला. माघी गणपतीचा उत्सव होता आणि मंडळाने शाळेच्या वर्गात शिबिर ठेवलं होतं. दुपार झाली तरी पिशव्यांचा आकडा काही वर सरकेना. तेव्हा मंडळाचे अध्यक्ष माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, तुम्ही द्या की. बायका नेहमी मागे राहतात." वय छत्तीस, वजन एक्कावन्न. सगळं नियमात बसत होतं. पदर खोचला आणि गेले.

तपासणीच्या टेबलावर काचेच्या भांड्यात निळं पाणी होतं. तो निळा रंग बघून मला हसूच आलं, कारण तो आमच्या घरातला रंग. पावसाच्या तोंडावर सुपारीला कोळे रोग लागू नये म्हणून आमच्या आगरात मोरचूद आणि चुना कालवून फवारतात. "हे मोरचूद ना?" म्हणून विचारलं तर रक्तपेढीची मुलगी म्हणाली, "हो, कॉपर सल्फेट." तिने माझं बोट टोचलं आणि बारीक नळीतून एक थेंब त्या पाण्यात सोडला. हिमोग्लोबिन साडेबारा किंवा त्याहून जास्त असेल तर थेंब बुडतो, कमी असेल तर तरंगतो. माझा थेंब जरा खाली गेला, घुटमळला आणि वर आला.

"ताई, तुमचं नाही घेता येणार. पालेभाज्या खा."

परत येऊन चहाच्या टेबलावर बसले. पुरुषमंडळी हाताला कापूस दाबून बिस्किटं खात होती. दोन-तीन बायका माझ्यामागोमाग गेल्या आणि तशाच परत आल्या.

आमच्या घरी जायला रस्त्यापासून पाखाडी आहे, जांभ्याच्या एकशेबारा पायऱ्या. आकडा पाठ आहे, कारण दोन-तीन वर्षं मी त्या मोजतच चढत होते. चाळिसाव्या पायरीला एक थांबा, पंच्याऐंशीला दुसरा. छातीत धाडधाड व्हायचं, कानात स्वतःच्याच रक्ताचा आवाज यायचा. कोणी खालून येताना दिसलं की मी समुद्राकडे तोंड करून उभी राहायचे. तिथून समुद्र फार छान दिसतो, त्यामुळे थांबायला सबबही छान होती. दिवसभर आगर, गोठा, शिलाईचं मशीन, सासूबाई, दोन मुलं. हे डोंबिवलीला नोकरीला, महिन्यातून एकदा एसटीने येणार. दमणं हे मला घरकामाचाच एक भाग वाटायचं.

आणि तांदूळ. हे लिहायला अजून लाज वाटते. मी कच्चे तांदूळ खायचे. थोडेथोडके नाही, दिवसाला चांगली वाटीभर. तांदळाच्या डब्याशी गेले की हात आपोआप आत. रेशनचा जाडा तांदूळ घरच्यापेक्षा जास्त कुरकुरीत लागतो, हे मी अधिकारवाणीने सांगू शकते. सासूबाई म्हणायच्या, "ह्या तांदळापायीच तुझ्या लग्नात पाऊस पडला गो." लग्न मे महिन्यातलं आणि पाऊस खरंच पडला होता, त्यामुळे ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अंगात लोह कमी झालं की माती, पाटीवरची पेन्सिल, बर्फ, कच्चे तांदूळ असलं काहीबाही खावंसं वाटतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं. घरात इतकी वर्षं तो विनोदाचा विषय होता.

शिबिरानंतर आठवड्याने आशाताई मला हाताला धरून प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेल्या. हिमोग्लोबिन आलं ८.२. सिस्टरने भिंतीवरचा तक्ता दाखवला. बाईचं १२ च्या वर हवं, गरोदर असेल तर ११ च्या वर. आठ ते १०.९ म्हणजे मध्यम, आठच्या खाली तीव्र. "थोडक्यात वाचलात. काय खाता? पालेभाजी? बीट?" मी म्हटलं, पेज, भात, आमटी, भाजी असेल ती. "बघा, तिथेच आहे." रोज दोन लाल गोळ्या, शिवाय जंताची एक. जंताची का, तर लावणीला अनवाणी चिखलात उतरलं की आकडेकृमी पायाच्या कातडीतून आत शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. हे ऐकून घरी आल्यावर मी बराच वेळ तळपाय बघत बसले होते.

लाल गोळ्या फुकट मिळाल्या. त्या मी कशा खाल्ल्या हे खरं सांगते, कारण बहुतेक जणी अशाच खातात. सकाळी सहाला चहा होतो. तेवढाच वेळ मी एका जागी बसते, म्हणून गोळी चहाबरोबर. चौथ्या दिवशी शौचाला काळं झालं. मला वाटलं आतून काही सडलंय. हे असं होणार, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, असं एक वाक्य कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मग पोट साफ होईना. मग मळमळ सुरू झाली, आणि मळमळ म्हटल्यावर शेजारच्या काकी अर्थपूर्ण हसायला लागल्या. तिसऱ्या आठवड्यात एक दिवसाआड, पाचव्यात आठवण झाली तर. सिस्टर भेटल्या की विचारायच्या, "गोळ्या चालू ना?" मी म्हणायचे, "हो."

सासूबाईंना हे सगळं दिसत होतं. एक दिवस भात उपसता उपसता त्या म्हणाल्या, धाकट्या भावजींच्या वेळी त्यांनाही अशाच गोळ्या दिल्या होत्या. गरोदर बायकांना लोहाच्या गोळ्या वाटायची सरकारी योजना १९७० ची आहे, म्हणजे आमच्या घरातही तिची दुसरी पिढी. "मग तुम्ही घेतल्यात?" म्हणून विचारलं. "कुठल्या! विहिरीजवळच्या माडाच्या मुळात पुरल्या." त्या माडाला नारळ चांगले लागतात, हे मात्र मान्य करायला हवं.

मी आजारी आहे ही बातमी वाडीत पसरली आणि प्रत्येकीने मला काहीतरी खायला सांगितलं. बीट, डाळिंब, खजूर, गूळ-शेंगदाणे, काळ्या मनुका रात्री भिजवून. नणंदेने चिपळूणहून दोन किलो बीट पाठवलं. ह्या बिटाबद्दल माझं मत फार वाईट आहे. ते लाल असतं एवढंच त्याचं रक्ताशी नातं. लोह म्हणाल तर त्यात नावालाच. त्यापेक्षा आमच्या कुळथात जास्त, आणि कुळथाची पिठी गरिबाचं खाणं म्हणून आम्ही पाहुण्यांपासून लपवतो. खाडीतल्या तिसऱ्या, कालवं, बांगडा ह्यांतलं लोह तर भाजीतल्या लोहापेक्षा सहज अंगी लागतं. आमच्या दारात येणाऱ्या पाटीत हे सगळं असतं. पण बांगड्याची तुकडी जाते मुलांच्या ताटात, हे आले असतील तर ह्यांच्या, आणि आपल्या वाट्याला येतं ते कालवण. त्यातून सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी. उपासाला साबुदाणा, म्हणजे निव्वळ पिष्ट. आंबोळ्यांचा बिडाचा तवासुद्धा मी चार वर्षांपूर्वी माळ्यावर टाकून निर्लेप तवा आणला होता. बिडाच्या भांड्यातून थोडं लोह अन्नात उतरतं. आजीला हे माहीत नव्हतं, पण तिचा तवा ते काम करत होता.

तेव्हा खाण्याचं कोणी खोटं सांगत नव्हतं. पण सगळे एकच प्रश्न विचारत होते आणि मी शहाण्या मुलीसारखी त्याचंच उत्तर देत होते.

शिमग्यात पालखी आमच्या अंगणात आली. दरवर्षी ओटी भरून मी पुढच्या चार घरांपर्यंत पालखीबरोबर जाते. यंदा ताट हातात घेऊन उभी राहिले, ढोलाचा आवाज लांब गेल्यासारखा झाला, आणि पुढचं आठवतं ते थेट सासूबाईंचा पदर आणि कांदा. पालखी माझ्यासाठी थांबली होती. गावात ह्याची चर्चा पुढे पंधरा दिवस चालली. पुन्हा रक्त तपासलं तर ७.९. सहा आठवडे गोळ्या "चालू" असताना वाढायचं सोडून उतरलं. मध्यमातून तीव्रात गेले. हे शिमग्याला आलेलेच होते. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने आम्ही चिपळूणला गेलो.

तिथल्या बाईडॉक्टर पन्नाशीच्या असतील. त्यांनी पापणी खाली ओढून बघितली. मग नखं बघितली. माझी अंगठ्याची नखं मध्ये खोलगट झाली होती, पाण्याचा थेंब ठेवला तर राहील अशी. मला वाटायचं भांडी घासून झाली. मी आपणहून सुरुवात केली, "डॉक्टर, मी पालेभाज्या खाते आता, बीट पण…"

त्यांनी हात वर करून थांबवलं. "ते नंतर. पाळीत पॅड किती लागतात?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे भिंतीवरच्या गर्भाच्या चित्राकडे बघायला लागले.

"तुम्ही बाहेर बसता का?" डॉक्टर ह्यांना म्हणाल्या, आणि मग स्वतःच, "नाही, बसा. तुम्हीही ऐका."

मग प्रश्नांवर प्रश्न. दिवसाला किती? सात-आठ. रात्री उठून बदलावं लागतं? दोनदा. गाठी पडतात? हो. केवढ्या? मी अंगठा आणि बोट जुळवून दाखवलं. किती दिवस? सात, कधी आठ. हे असं कधीपासून? मी मनात मागे मागे जात राहिले. लग्नाआधी नव्हतं. मोठीच्या नंतर नव्हतं. धाकटा झाला तेव्हापासून, म्हणजे सात वर्षं.

"धाकट्यानंतर तांबी बसवली का?"

बसवली होती, पुन्हा दिवस राहू नयेत म्हणून. बाळंतपण झालं त्याच दवाखान्यात, तिथल्या तिथे. कार्डावर लिहून दिलं होतं की दहा वर्षं चालेल. पाळी जास्त जायला लागली तेव्हा मी एकदा विचारायलाही गेले होते. "थोडं जास्त जातं, सवय होते," असं सांगितलं. ते खोटं नव्हतं, सवय झालीच. तांबीमुळे काही बायकांचा रक्तस्राव वाढतो, आणि आधीच रक्त कमी असेल तर ते बघावं लागतं. पण बघणार कोण? केंद्रात दोनदा, शिबिरात एकदा, वाडीत पन्नास वेळा मला काय खातेस ते विचारलं गेलं. किती जातं, हे सात वर्षांत पहिल्यांदाच कोणी विचारत होतं. आणि मी तरी कुणाला सांगितलं होतं? आईलासुद्धा नाही. अंगावरून जाणं ही काय सांगायची गोष्ट आहे का, असंच वाटत होतं.

डॉक्टरांनी कागदावर हिशोब मांडला. तो कागद माझ्याकडे अजून आहे. निरोगी रक्ताच्या एका मिलिलीटरमध्ये साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह. एका पाळीत ८० मिलिलीटरच्या वर गेलं की ते जास्तच म्हणायचं. ८० म्हणजे ४० मिलिग्रॅम लोह गेलं. अन्नातून अंगी लागतं ते दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम, त्यातलं एक शरीराच्या रोजच्या झिजेत जातं. "तुमचं ८० वर थांबत नसणार," त्या म्हणाल्या. "गळक्या घागरीत तुम्ही ओंजळीने पाणी भरताय." हे हिशोबात पक्के. कागद दोनदा वाचून म्हणाले, "म्हणजे दर महिन्याला तोटाच." सात वर्षांत माझ्या दुखण्याबद्दल ह्यांनी काढलेलं हे पहिलं नेमकं वाक्य. आकडा दिसल्याशिवाय ह्यांना काही दिसत नाही. तक्रार करण्यात सात वर्षं घालवण्यापेक्षा मी जमाखर्च लिहायला हवा होता.

रक्ताच्या तपासण्यांत फेरिटिन आलं ४. फेरिटिन म्हणजे अंगातली लोहाची शिल्लक. ती १५ च्या खाली गेली की कोठार रिकामं. लाल पेशी लहान आणि फिकट. थॅलेसेमियाची तपासणी ठीक आली. सोनोग्राफीत गाठ-बिठ नाही. तांबी त्याच दिवशी काढली, दोन मिनिटांचं काम. पाळीच्या पहिल्या तीन-चार दिवसांत घ्यायला रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या दिल्या. तांबीच्या जागी दुसरं काय, ह्यावर डॉक्टरांनी चार पर्याय सांगितले. हे म्हणाले, मी महिन्यातून दोन दिवस येतो, निरोधचं बघतो मी. एवढं बोलून ते इतके लाल झाले की घरात रक्त कोणाला कमी आहे ते उघडच होतं.

लोहाची बाटली पुढच्या आठवड्यात चढवली. एक हजार मिलिग्रॅम, सलाइनमध्ये मिसळून. रंग कोऱ्या चहासारखा. सुई नीट बसली आहे ना ते सिस्टरने दोनदा बघितलं, कारण हे औषध कातडीखाली सांडलं तर तपकिरी डाग पडतो आणि लवकर जात नाही. पाऊण तासाच्या आत बाटली संपली, मग अर्धा तास नुसतंच निजवून ठेवलं. ही बाटली गोळीसारखी फुकट नव्हती. त्या महिन्यात शिलाईचे पैसे आले तसे गेले.

पडल्या पडल्या मी मोबाइलवर लाल गोळीबद्दल वाचत होते. त्यात लोहाबरोबर फोलिक ॲसिड असतं. त्याचा शोध लागला त्याची सुरुवात मुंबईत झाली, हे मला ठाऊक नव्हतं. लुसी विल्स नावाच्या एक इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये आल्या होत्या, गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांचं रक्त का कमी होतं ते बघायला. त्या बायकांच्या पेशी माझ्यासारख्या लहान नव्हत्या, उलट मोठ्या होत्या. म्हणजे आजार दुसरा. यीस्टच्या अर्काने त्या बायकांना गुण आला आणि १९३१ मध्ये विल्सबाईंनी ते छापलं. त्या अर्कातला घटक म्हणजे फोलिक ॲसिड, हे पुढे कळलं. ह्यांचे आजोबा परळला गिरणीत होते, आजी गावीच राहिली. तिचं रक्त कोणी तपासलं नाही. तिचा फोटो ओटीवर आहे, त्यात ती खुर्चीचा हात घट्ट धरून उभी आहे. मला आता तो फोटो बघितला की तिचे ओठ पांढरे वाटतात. फोटोच काळा-पांढरा आहे म्हणा.

दोन दिवस अंग ठणकलं. तिसऱ्या आठवड्यात आकडा ९.९. त्याच सुमारास माझ्या लक्षात आलं की तांदळाच्या डब्यात माझा हात जात नाहीये. मी सोडलं नव्हतं, ते आपोआप सुटलं. मग आमसुलं वाळत घालायच्या दिवसांत एकदा पाखाडी चढून वर आले आणि पायऱ्या मोजल्या नाहीत हे वर आल्यावर कळलं.

उरलेला खड्डा गोळ्यांनी भरायचा होता. आता गोळी रात्री, एक दिवसाआड, लिंबाच्या पाण्याबरोबर, आणि चहापासून लांब. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं, म्हणजे सहा आठवडे मी सरकारची गोळी चहाला पाजत होते. एक दिवसाआड का, तर लोह पोटात गेलं की शरीर हेप्सिडिन नावाचा पहारेकरी उभा करतं आणि तो पुढचा दिवसभर लोहाला दार उघडत नाही. मला हे फार पटलं. सासूबाईंचंही आलेल्या पाहुण्यांबाबत असंच आहे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी देशात ५७ टक्के आणि महाराष्ट्रात ५४ टक्के जणींचं रक्त कमी निघालं. आधीच्या फेरीपेक्षा जास्त. पुरुषांत २५ टक्के. आमच्या बचत गटात बारा जणी आहोत. जूनच्या बैठकीत मी हिशोब मांडला, की ह्या चटईवर बसलेल्यांतल्या सहा-सात जणी. सगळ्या एकमेकींकडे बघून हसल्या. मग मी डॉक्टरांचा प्रश्न विचारला. कुणी हसलं नाही. एक म्हणाली, पॅड कुठले, कपडा असतो, त्याचं काय मोजणार? एकीने कर्जाच्या हप्त्यांची वही उगाच उघडली. बैठक संपल्यावर मात्र विहिरीपर्यंत तिघी माझ्याबरोबर आल्या, एकेक करून. दोघींना तांबी आहे. म्हणून लगेच काढायला पळू नका, असं मी दोघींना बजावलं. खूप जणींना तिचा काही त्रास होत नाही. आधी मोजा, मग रक्त तपासा, मग डॉक्टरांना विचारा. तिसरीचं वय शेहेचाळीस. तिने नुसतं सांगितलं आणि घागर उचलून गेली. तिला घेऊन मी पुढच्या मंगळवारी केंद्रात गेले.

गणपतीच्या आधी माझं ११.८ झालं. बारा नाही. रक्तदानाचं साडेबारा तर आणखी लांब.

गणपतीच्या साफसफाईत मोठीची कंपासपेटी माझ्या हातून पडली. ती चौदाची, नववीत. पेटीतून पट्टी, कर्कटक आणि निळ्या गोळ्या घरंगळल्या. शाळेत आठवड्याला एक देतात, बाईंसमोरच खायची असते. तिने जिभेखाली धरून बाहेर आणल्या होत्या. अकरा मोजल्या मी. कडू लागते, पोटात ढवळतं, आणि वर्गातली मुलं हसतात, असं तिने सांगितलं. ओरडायला तोंड उघडलं होतं, पण मला विहिरीजवळचा माड आठवला.

"पॅड किती लागतात गो तुला?"

"शी, आई!" म्हणून ती परसात गेली. मी गोळ्या गोळा करून डबीत भरल्या आणि मखराचे खिळे ठोकत बसले. बऱ्याच वेळाने ती दारात येऊन उभी राहिली, आत न येता.

"शाळेत असताना बदलत नाही मी. तिथे पाणी नसतं," ती म्हणाली. "पण घरी असले तर सहा. रात्रीचा धरून सात."